नवमीला बदललेला गाभा

त्या सकाळी आमच्या संगणकाचे वायफाय कशाने बंद पडले आणि कोणी चालू केले, याच्या तीन कथा गावात फिरतात आणि तिन्ही चुकीच्या आहेत. धाकटा भाऊ सांगतो, त्याने कुंकू फुंकून काढले. जळकोटच्या चौकातला मोबाइल दुकानदार सांगतो, त्याने फोनवरून दुरुस्ती सांगितली. पुण्याला नोकरी करणारा माझा मुलगा सांगतो, बाबांनी संगणक चालवणारी ती फुकटची लिनक्स प्रणाली घरात आणली नसती तर काही बिघडलेच नसते. चौथी कथा मी स्वतः पारावर सांगत आलो. तीही इथेच तपासली जाईल.

मी टेलिफोन खात्यात लाइनमन होतो. खांबावर चढून वाऱ्यात जोड मारण्यात उमेदीची वर्षे गेली. ज्याचे झाकण उघडता येत नाही ते यंत्र मी आपले मानत नाही. निवृत्तीनंतर लिनक्सकडे वळलो तो याच कारणाने. तिच्या पोटात काय आहे ते कोणालाही वाचता येते, बदलता येते. वळवाच्या विजेने आमच्या संगणकाची नेटची तार लावण्याची जागा जळाली, तेव्हा मी अंगठ्याएवढे वायफाय अडॅप्टर आणले. ते चालवणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, प्रणालीत नव्हता. मी त्याचा मूळ मजकूर मिळवला आणि यंत्रावरच तो बांधून काढला. असा ड्रायव्हर प्रणालीच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, मापाने बांधावा लागतो. गाभा बदलला की तो निरुपयोगी. जुन्या जूला बेतलेली शिवळ, म्हणजे जूची खुंटी, नव्या जूत बसत नाही, तसे. हे मला पक्के ठाऊक होते. वाचकांनी हे वाक्य लक्षात ठेवावे.

माझी सून सीमेपलीकडची, कानडी घरातली. लग्नानंतरची पहिली वर्षे तिच्या मराठीला या घरात सगळे हसले, आणि सर्वांत जास्त दुरुस्त्या मी काढल्या. तिने मात्र दोन्ही भाषा सांभाळल्या आणि घरबसल्या कानडीतून मराठीत अनुवाद करण्याच्या कामासाठी अर्ज केला. परीक्षा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, संगणकावर, सकाळी अकराला. मोबाइल चालणार नव्हता. एकदाच बसता येणार होते आणि अकरा वाजून गेल्यावर दार बंद. चार महिने ती स्वयंपाकघराच्या ओट्यावर शब्दकोश उघडा ठेवून भाकरी थापत होती.

आधीच्या आठवड्यात ती मला म्हणाली होती, "मामा, परीक्षा होईपर्यंत ह्याला काय करू नका हां."

"यंत्राचं मला शिकवू नको," मी म्हणालो होतो.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारे, अवजारे, वाहने धुऊन पुसून पाटावर मांडतात. पूजेला जाणारी वस्तू मळकी जाता कामा नये, हा वडिलांचा दंडक. विळे घासले, मोटारसायकल धुतली, माझी खात्यातली पक्कड रॉकेलने पुसली. राहिला संगणक. त्यावर पाणी कसे घालणार? तेव्हा मी त्याला आतून स्वच्छ करायचे ठरवले: साठलेले सगळे अपडेट एका दमात चढवले. त्यात नवा गाभाही होता. तो मी पाहिला आणि येऊ दिला, कारण पूजेला यंत्र अद्ययावत जावे असे मला वाटले. मग ते बंद केले, अडॅप्टर काढून पक्कडीशेजारी ठेवले, हळदकुंकू वाहिले, झेंडू ठेवला. पुजलेल्या हत्याराला दसऱ्याचे सोने वाटून होईपर्यंत कोणी हात लावत नाही. त्यामुळे यंत्र पुन्हा सुरू करून पाहणे झाले नाही. जोड मारल्यावर घंटी वाजवून न पाहता खांबावरून उतरणाऱ्या पोरांना मी नोकरीत फार बोललो आहे.

परीक्षेच्या सकाळी नऊला सुनेने यंत्र लावले.

"मामा, लाइट न्हाय लागली."

अडॅप्टरचा निळा दिवा विझलेला होता. तीन हातांवर भिंतीवरचा राउटर नेहमीसारखा लुकलुकत होता आणि यंत्राला तो दिसत नव्हता. मी खुर्चीवर बसलो, ती मागे उभी राहिली. अडॅप्टर जोडलेले आहे हे यंत्र सांगत होते, पण ड्रायव्हर मागितला की उत्तर एकच: सापडला नाही. मी तो पुन्हा बांधायला घेतला. बांधणी पहिल्या पायरीवरच मोडली. नव्या गाभ्याची मापे ज्यात असतात त्या फायली यंत्रात नव्हत्या. त्या इंटरनेटवरून उतरवायच्या होत्या, आणि इंटरनेटसाठीच तर ड्रायव्हर हवा होता.

मुलगा आजही म्हणतो, फोन तारेने जोडून त्याचे नेट यंत्राला दिले असते तर दोन मिनिटांचे काम होते. हे त्याने दुसऱ्या दिवशी सुचवले. आम्ही ते सव्वानऊला करून पाहिले होते. घरातल्या दोन्ही तारा नुसत्या चार्जिंगच्या निघाल्या. फोन आनंदाने चार्ज होत राहिला, यंत्राला त्याचा पत्ता नव्हता. नेटही वाहून आणणारी तार मिळावी म्हणून सुनेने दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "दुकान साडेदहानंतर उघडतो वहिनी. तवर बंद करून चालू करून बघा की." एवढीच त्याची दुरुस्ती. आम्ही तसे दोनदा केले आणि दोन्ही वेळा यंत्र त्याच नव्या गाभ्यावर उठले.

दहाच्या सुमारास भाऊ दात घासायचा ब्रश घेऊन आला. शेजारीच राहतो, घरात आवाज चढला की त्याला समजते.

"दादा, म्या सांगतो, कुंकू गेलंय आत. तुमीच वाहिलंय मूठभर."

"कुंकवाचा काही संबंध नाही."

"मग तुमच्या त्या लिनक्सला इचारा, का रुसलीय."

"तू गप बस."

"मी गप्पच हाय. वायफायबी गप्पच हाय."

सून हसली नाही. ती घड्याळाकडे पाहत होती. भाऊ अडॅप्टर उपसून ब्रशने घासू लागला, आणि मी मापांच्या फायली यंत्रात कुठे दडल्या आहेत का ते धुंडाळू लागलो. त्या नव्हत्या. नसणार हे मला माहीत होते.

इथे पारावरच्या माझ्या कथेचा समाचार घेतो. मी लोकांना सांगितले की अखेरच्या क्षणी मी ड्रायव्हर हाताने बांधून काढला. ते खोटे आहे. त्याहून मोठी लपवाछपवी पुढे आहे. नवा गाभा आला म्हणून जुना पुसला जात नाही. यंत्र सुरू होताना यादी उघडता येते, तिच्यात जुन्या गाभ्याचे नाव असते, आणि त्याच्यासोबत त्याच्या मापाचा ड्रायव्हरही जागच्या जागी असतो. हे मला सव्वादहाला आठवले. आठवले, आणि मी ती यादी उघडली नाही. भाऊ समोर बसला होता. जुन्या गाभ्यावर यंत्र उठताच दिवा लागला असता, आणि नवा गाभा कोणी चढवला हा प्रश्न त्या खोलीत उभा राहिला असता. मला वाटले, ड्रायव्हर नव्यावरच बांधू, म्हणजे काही बिघडले होते हेच राहणार नाही. साडेदहा झाले. पावणेअकरा झाले. माझी बोटे चालत होती आणि त्यांतून काहीही निघत नव्हते.

सून खुर्चीजवळ आली. तिचा आवाज कोरडा होता.

"मामा, नवमीच्या आधी चालत होतं. ते आधीचं कुठं गेलं?"

मी कळा बडवत राहिलो.

"नवमीला तुम्ही काय केलात?"

"अपडेट," मी म्हणालो.

"मग आधीचं हाय का न्हाय आत?"

"आहे."

भावाचा ब्रश थांबला. माझ्या खांद्यावरून हात घालून तिने स्वतः यंत्र बंद केले आणि पुन्हा लावले. "कुठली कळ?" मी कळ दाखवली. यादी उघडली. तिसऱ्या ओळीवर जुना गाभा होता. तिने तो निवडला. पडद्यावर अक्षरे धावू लागली, तेवढ्यात भावाने घासलेल्या अडॅप्टरवर जोरात फुंकर मारली आणि ते खोबणीत खुपसले. क्षणभराने निळा दिवा लागला.

"बघा!" भाऊ ओरडला. "म्हनलं न्हवतं? कुंकूच!"

अकराला चार मिनिटे होती. पासवर्ड टाकताना तिचा हात पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा परीक्षेचे पान उघडले, कॅमेऱ्यात तिचा चेहरा आला, आणि तिने मागे न वळता हाताने आम्हाला बाहेर जायची खूण केली. आम्ही दोघे ओसरीवर दोन तास बसलो. भाऊ कुंकवाविषयी बोलत राहिला. मी त्याचे बोलणे खोडले नाही. असे माझ्या आयुष्यात क्वचित घडले असेल.

ती निवडली गेली. बायका विचारायला आल्या की त्या दिवशी काय झाले होते, तेव्हा ती म्हणाली, "काका म्हणतात तसंच, कुंकू गेलं होतं." मी आतल्या खोलीत ऐकत होतो. माझी चूक तिने झाकली होती, म्हणून हे लिहिले. भावाची फुंकर नव्हे, दुकानदाराचा फोन नव्हे, आणि मुलाने दोष दिला त्या लिनक्सचाही काही गुन्हा नव्हता. जुना गाभा जपून त्या प्रणालीनेच तर वाट मोकळी ठेवली होती. बिघाड माझा होता, उशीरही माझा, आणि दुरुस्ती सुनेची.

यंदाच्या नवमीला पक्कड पुसून झाल्यावर मी संगणकाच्या खोलीच्या दाराशी थांबलो. ती काम करत होती. पूजेला यंत्र पुसायचे आहे, पुसू का, असे मी विचारले. तिने हातातले वाक्य पूर्ण केले, यंत्र बंद केले आणि कोरडे फडके माझ्या हातात दिले.

"फक्त बाहेरून, मामा."