बॅट टाकायला शिकवणारा अंकुश

अंकुश गेल्याचा फोन आला तेव्हा जालन्यातल्या मस्तगड भागातल्या माझ्या दुकानाचं शटर मी निम्मंच वर केलं होतं. फोन वहिनींचा, म्हणजे त्याच्या बायकोचा. "भाऊजी, हे उठूनच न्हाई राह्यले वो," एवढंच त्या म्हणाल्या. शटर तसंच सोडून मी धावलो, पण तोवर डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच गेला. त्याला आता दीड महिना होत आला. लोक म्हणतात, भाग्यवान, त्रास न होता गेला. मला मात्र खरं सांगायचं तर रडू कमी येतं आणि त्याचा राग जास्त येतो. एक काम करायचं ठेवून गेला लेकाचा...

आमची दोस्ती जालन्यातल्या कॉलेजची. तो घनसावंगीकडचा. शेतात पाखरं हाकलायला गोफण फिरवून त्याचा हात असा तयार झाला होता, की त्याने फेकलेला चेंडू झेलताना ग्लोव्हच्या आतही माझा तळवा लाल व्हायचा. बेसबॉल आमच्यातल्या कुणी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. क्रिकेटच्या संघात जागा न मिळालेल्यांना क्रीडाशिक्षकांनी एका दुपारी गोळा केलं आणि सांगितलं, आजपासून तुम्ही बेसबॉलवाले. आम्ही जीव तोडून खेळलो, पण अंगातलं क्रिकेट काही जाईना. क्रिकेटमध्ये बॅट घेऊन पळतात आणि ती रेषेपलीकडे टेकवली की धाव मिळते. बेसबॉलमध्ये फटका मारला की बॅट जागेवरच टाकायची, रिकाम्या हातांनी पळायचं आणि बेसला, म्हणजे मैदानातल्या ठरलेल्या टप्प्याला, आपलं अंग लावायचं. बॅट टेकवलेली तिथे धरत नाहीत.

शेवटच्या वर्षी आम्ही विद्यापीठाच्या अंतिम सामन्यात पोचलो. एका धावेने मागे होतो आणि अंकुशने असा फटका मारला की चेंडू थेट कुंपणाला जाऊन लागला. गडी तिन्ही बेस ओलांडून होम प्लेटकडे, म्हणजे जिथून फटका मारला तिथेच, सुसाट आला... हातात बॅट तशीच! मी घसा फोडून ओरडत होतो, पण ऐकतो कोण? प्लेटवर त्याने ऐटीत बॅट टेकवली आणि हसत उभा राहिला. पाय हातभर मागे. समोरच्या कॅचरने शांतपणे त्याच्या पाठीला चेंडू लावला आणि अंपायरने त्याला बाद दिलं. बरोबरी हुकली, सामना गेला. पुढे कितीतरी वर्षं कुणीही भेटलं की म्हणायचं, "काय अंकुश, टेकवली का बॅट?" तोही सगळ्यांबरोबर हसायचा. मला वाटलं, विसरला असेल.

विसरला नव्हता. वाळूजच्या कंपनीतली नोकरी वेळेआधीच सोडून तो जालन्याला परत आला आणि घर लावायच्या आधी कॉलेजात जाऊन म्हणाला, माझा जुना संघ माझ्याकडे द्या. त्यांनाही कोच हवाच होता. झालं, दुसऱ्या दिवसापासून मैदानावर साहेबांचा दरबार सुरू. पहिला धडा चेंडूशिवाय. बॅट फिरवा, खाली ठेवा, पळा. भिरकावायची नाही, मागच्या कॅचरला लागते. नीट खाली ठेवायची. बॅट घेऊन कुणी एक पाऊल जरी टाकलं तरी त्याला मैदानाला फेरी. मी चिडवायचो, "अरे, पोरांना कधी मारायलाबी शिकव." तो म्हणायचा, "मारता समद्यांनाच येतं. बॅट सोडता येत न्हाई कुनाला."

गेल्या हिवाळ्यात त्याचा संघ त्याच अंतिम सामन्यात पोचला. मी दुकान बंद ठेवून बघायला गेलो होतो. शेवटचा डाव, पुन्हा एका धावेने मागे, दोन गडी बाद, तिसरा बाद झाला की खेळ संपला, आणि आमचा एक खेळाडू तिसऱ्या बेसवर. फलंदाजीला समाधान, जाफराबादहून रोज एसटीने येणारा, संघातला सगळ्यात चांगला खेळाडू. त्याने चेंडू जमिनीलगत मारला. आता त्याने नुसतं पहिला बेस गाठायचा, की बरोबरी. समाधान खाली वाकला. त्याने बॅट अलगद जमिनीवर ठेवली आणि मग पळाला. चेंडू त्याच्या पाऊलभर आधी बेसवर पोचला. समाधान बाद, सामना गेला.

परतीच्या बसमध्ये अंकुश पुढच्या खिडकीपाशी पाठ करून बसला. समाधान मागे, मान खाली. मी म्हणालो, "जा, बोल त्याच्याशी." तो हललाही नाही. काही दिवसांनी दुकानात चहा पिता पिता आपणहून म्हणाला, "पोरगं चुकलं न्हाई, बाळू. म्या शिकवलं तेच केलं त्यानं बराबर. माझं भ्याव म्या त्याच्या अंगात घातलं."

"मंग हे त्याला सांग की! मला काय सांगून राह्यला?"

"सांगतो. सराव सुरू होऊ दे, समद्यांसमोर सांगतो."

हा त्याचा स्वभाव. फेरी मारायला लावायची तीही सगळ्यांसमोर आणि चूक कबूल करायची तीही सगळ्यांसमोर. सराव सुरू झाला, पण समाधान आला नाही. परीक्षेचं कारण कळवलं. अंकुश रोज म्हणे, येईल. जाफराबाद काही लांब नाही, जीपमध्ये बसलं की पोचलं. मी म्हटलं, चल, मी येतो बरोबर. तो म्हणाला, "जाऊ की, जल्दी काय हाय?"

समाधान आला तो दहाव्याला. मंडपाच्या कडेला एकटाच बसला होता. मी त्याला बाजूला घेतलं आणि अंकुशचं बोलणं शब्द न शब्द सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, तुम्ही खोटं न्हाई बोलून राह्यले. पन हे सरांनी म्हनायला पाह्यजे होतं." बरोबर होतं त्याचं.

नवा कोच अजून मिळालेला नाही. संध्याकाळी दुकान लवकर आवरून मीच मैदानावर जाऊन उभा राहतो. समाधान पुन्हा यायला लागलाय. अंकुश पाण्याच्या टाकीपाशी उभा राहून सराव घ्यायचा. तिथे आता कुणी नसतं, तरी फटका मारला की पोरं बॅट खाली ठेवतात आणि पळायच्या आधी एकदा टाकीकडे बघतात. तेवढ्यात बेस हुकतो. मग मी ओरडतो, "तिकडं काय बघून राह्यले, पळा!"

काल समाधानने फटका मारला, बॅट ठेवली, टाकीकडे बघितलं... आणि माझं ओरडायचं राहून गेलं. मीही तिकडेच बघत होतो.