पाय ओळखणारी खिडकी

तारापूरच्या आमच्या विणकर आळीत मी नवरी होऊन आले, तेव्हा नारायणभावोजींनी माझ्या चेहऱ्याआधी माझे पाय पाहिले. भलता अर्थ काढू नका. विणकराचं घर बांधतानाच पुढच्या खोलीत मागाचा खड्डा ठेवतात. त्यात पाय सोडून बसलं, की समोर जमिनीलगतची उजेडाची खिडकी. तिच्यातून भावोजींना जाणाऱ्या-येणाऱ्यांची फक्त पावलं दिसत. माझी दिसली तसे आतून म्हणाले, "वहिनी, जोडवी घट्ट झालीत. सोनाराकडं जावा, नायतर बोट सुजंल."

पुढे कित्येक वर्षं मी त्यांच्या मागासाठी कांड्या भरल्या. सूत सैल गुंडाळलेलं त्यांना खपत नसे. कांडी खिडकीतून थेट माझ्या पायाशी येई. "वहिनी, ही कांडी हाय का म्हातारीचे केस?" अशा माणसाचा पंचाहत्तरीला गौरव करायला मला सांगताय! सांगते, माझी नात लिहून घेते.

माझे मालक गेले. त्यानंतर जोडव्यांवाचून पहिल्यांदा मी त्या खिडकीपुढून निघाले. आतला माग थांबला. मी वळणापलीकडे जाईपर्यंत थांबलेलाच होता. ते मी विसरले नाही.

आता आळीत भावोजींचं तेवढं एकच जुनं घर उरलं आहे. बाकीच्यांच्या जागी बोईसरच्या कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या झाल्या. रस्त्यावर थर चढत गेले, खिडकी अर्धी गाडली गेली. पावसाचं पाणी खड्ड्यात उतरतं, भिंती ओल धरतात, त्यांच्या सुनेचा दमा वाढतो. त्यांचा मुलगा वाईट नाही. दिवाळीनंतर खड्डा बुजवून फरशी घालायची, असं त्यानं ठरवलंय. भावोजी भांडले नाहीत. त्याचंच मला भय वाटतं. माग मोडून झाला, तरी ते रोज सकाळी त्या रिकाम्या खड्ड्यात पाय सोडून बसतात.

परवा मी तिथून गेले. आतून आवाज आला, "कोन हाय?"

जन्मात त्यांनी मला असं विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "सैल कांडीवाली."

मग म्हणाले, "चप्पल नवी हाय वाटतं."

चप्पल जुनीच होती.

भावोजी, पंचाहत्तरी झाली, आता शंभरी गाठा. डोळ्यांना औषध घाला, थंडीत कानाला गुंडाळा. खड्डा बुजला तर दारात खुर्ची टाका, पण बसा. मी रोज त्याच वाटेनं जाईन. तिथून माझं तोंड दिसेल. त्याची तुम्हांला सवय नाही, करून घ्या. नाहीच ओळखलंत, तर चप्पल काढून उभी राहीन.