उसातली वाट

वडिलांनी आळेफाट्याला गॅरेज टाकलं आणि नववीत माझी शाळा बदलली. लहानपणीच्या तापात माझे कान गेलेत. समोरच्याच्या ओठांवरून मी बोलणं ओळखते. नव्या वर्गातल्या मुलींना हे कळल्यावर त्या माझ्यासमोर तोंडावर वही धरून बोलायच्या आणि खिदळायच्या.

शाळा सुटली की आम्ही सहाजणी उसातल्या वाटेनं घरी यायचो. बिबट्याच्या भीतीनं आमच्याकडं तिथून कुणी एकटं जात नाही, आणि गुपचूप तर नाहीच. मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावायची, ओरडत चालायचं. सगळ्यात मागं चालणं मात्र कुणालाच नको असायचं. पहिल्याच दिवशी त्यांची म्होरकी वही न धरता, सावकाश म्हणाली, "तू चाल मागं. तुला ऐकूच येत नाय, तर भ्या कशाचं?"

मी मागं चालू लागले. एकीनंही कधी वळून पाहिलं नाही.

कान नसले की डोळे स्वस्थ बसत नाहीत. एका संध्याकाळी वारा अगदी पडलेला होता, तरी पुढं डाव्या हाताला उसाचे शेंडे हलले, थांबले, पुन्हा हलले. त्या पाचजणी गाण्यात दंग होत्या. मी जागीच थांबले आणि तोंडातून शब्द काढला नाही.

झालं काहीच नाही. त्या सुखरूप घरी पोचल्या. दुसऱ्या दिवशी तिथं पंजाचे ठसे सापडले, तेव्हा एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. सरांनी पाचहीजणींना विचारलं, काही दिसलं होतं का. मला कुणी विचारलं नाही.

विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं, आणि तोंडावर वही धरली नसती.