पल्याडच्या गोठ्यातली ड्यूटी

प्रिय ईरा आणि अर्णव,

मी एकोणतीस वर्षं लष्करी रुग्णालयांत नर्सिंग ऑफिसर होते. मेजर म्हणून निवृत्त झाले आणि सौंसरजवळ, तुमच्या आजोबांच्या फार्मवर आले. या पोस्टिंगची ऑर्डर कोणी काढली नव्हती. परवा तुम्ही फोनवर विचारलंत, "आजी, तू पाहिलेला सगळ्यात शूर जवान कोण?" त्याचं उत्तर लष्करातलं नाही, या फार्मवरचं आहे.

फार्म शंभर वर्षांहून जुना. इथे गवळाऊ जातीची पांढरी गुरं जोपासतात. मोठा गोठा काळ्या दगडाचा आहे. फरशीला चार बोटं उतार दिलेला, त्यामुळे गोमूत्र कधी साचत नाही. विणाऱ्या गाईची खोली पूर्वेला, म्हणजे वासराला सकाळचं पहिलं ऊन मिळतं. आणि नाल्यापलीकडे एक एकटा गोठा, त्याची विहीरही वेगळी. सगळे त्याला पल्याडचा गोठा म्हणत आणि त्यात कडबा रचत. तो इतका दूर का बांधला, हे मला इथल्या पहिल्याच पावसाळ्यात कळलं. आमच्याकडे पावसाळी वारा पश्चिमेचा. तो मोठ्या गोठ्यावरून तिकडे जातो, तिकडून इकडे येत नाही. तो गोठा म्हणजे आयसोलेशन वॉर्ड होता. बांधणाऱ्यांना हा शब्द ठाऊक नसेल, काम ठाऊक होतं. मी कडबा काढायला लावला आणि गोठा धुऊन रिकामा ठेवला.

गुरं नामदेवभाऊंच्या हाताखाली. वय साठीच्या पुढे, शाळा दुसरीपर्यंत. पण कोणत्याही गाईची आई, आजी, पणजी ते न अडखळता सांगत. कोणती गाय कोणत्या वळूकडे न्यायची नाही, हेही त्यांना पाठ. वळू एकच होता, हिरा. इथल्या जुन्या रक्ताचा शेवटचा.

गुरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या, माश्यांनी पसरणाऱ्या लम्पीच्या साथीचं ते साल. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, साडेपाचला, खांदमळणी सुरू होती. नामदेवभाऊंनी पळसाच्या पानानं हिऱ्याच्या खांद्याला लोणी-हळद चोळली आणि कानात निमंत्रण दिलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या."

सगळ्या गुरांना लस टोचून सहाच दिवस झाले होते. तिचा परिणाम व्हायला तीन आठवडे लागतात.

"हिरा उद्या फार्मवरच राहील," मी म्हटलं.

"आवतन देऊन झालं, मेजर बाई. आता पाव्हण्याले घरी बसवू? अन् तोरणाखाली त्याची पहिली जागा रिकामी?"

"साथ आहे, भाऊ."

"धा मिनिटं. झडत्या म्हणून झाल्या का वापस."

झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, संपेपर्यंत मी परवानगी दिली. दहा मिनिटं. दुसऱ्या दिवशी गावातले बैल पोळ्याच्या तोरणाखाली हिऱ्याशेजारी खांद्याला खांदा लावून उभे होते आणि माश्या एका पाठीवरून दुसऱ्या पाठीवर जात होत्या. ही चूक माझी होती.

नवव्या दिवशी सकाळी सहा दहाला नामदेवभाऊंचा फोन आला.

"बाई, मानेवर गाठ हाये. एक नाई, चार."

"हात कोणी लावला?"

"मीनंच. दुसऱ्या कोणाले लावू देतो का मी?"

"आत्ता पल्याड न्या. वाटेत थांबू नका. तुम्हीही तिकडेच राहा."

"किती दिस?"

"मी सांगेपर्यंत."

"जी."

सहा चाळीसला दोघांनी नाला ओलांडला. मागोमाग मी वाटेवर चुना टाकायला लावला. दहाला सौंसरहून डॉक्टर आले. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "वळूचं कठीण आहे. गाईंना अजून एक आठवडा मिळाला तर लस काम करेल." मोठ्या गोठ्यात सत्तावीस गाई होत्या. तेवढा आठवडा त्यांना मिळवून द्यायचा होता.

रिपोर्टच्या वेळा ठरवल्या. सहा, बारा, सहा. बोलून झालं की 'ओव्हर' म्हणायचं, हे मीच शिकवलं.

"ताप एकशे पाच. पानी दोन बादल्या. कुटार खाल्लं नाई. निंबाचा धूर करून राहिलो. ओव्हर."

"तुम्ही जेवलात?"

"माह्याबद्दल इचाराचं ठरलं नोतं. ओव्हर."

त्यांची बायको सखूबाई रोज डबा नाल्यातल्या दगडावर ठेवी आणि मागे सरून ओरडे, "लगन झाल्यावर माह्यासाठी एक दिस घरी थांबले नाई, अन् सांडासाठी मुक्काम ठोकला!"

पल्याडून उत्तर येई, "तुले कुठं ताप हाये? अन् भाजीत मीठ टाकत जा!"

गाठी वाढल्या, पाय सुजले. डॉक्टर रोज येऊन इंजेक्शन देत. हिऱ्याला धरायला एकटे नामदेवभाऊ. एवढा ताकदीचा वळू, पण दोर ताणावा लागला नाही.

पल्याडच्या नवव्या दिवशी फोन वेळेआधी आला. चार वाजून पाच मिनिटं.

"गेला, बाई. मुंडकं माह्या मांडीवर होतं."

मी वेळ लिहून घेतली.

"नऊ दिसात त्यानं एक बार शिंग उगारलं नाई. सुई टोचतानी बी नाई."

"भाऊ, तुम्हाला आणखी तीन दिवस तिकडेच थांबावं लागेल."

"ठाव हाये मले. मी कुठी चाललो?"

गोठ्यामागे खोल खड्डा करून, चुना घालून हिऱ्याला पुरलं. पल्याडचे बारा दिवस पुरे करून नामदेवभाऊ विहिरीवर कपड्यांसकट आंघोळ करून परत आले आणि थेट गाई मोजायला गेले. सत्तावीस. एकीलाही गाठ नव्हती.

त्यातली चांदी साथीआधीच हिऱ्यापासून फळलेली, म्हणजे गाभण होती. मृगाच्या आधी, पूर्वेच्या खोलीत, तिला गोऱ्हा झाला. पांढरा, मानेवर राखाडी झाक. हिऱ्याचं रक्त राहिलं.

पुढल्या खांदमळणीला सगळे बैल झाल्यावर नामदेवभाऊंनी लोण्याची वाटी उचलली आणि नाल्याकडे निघाले. मी मागे गेले. हिऱ्याला पुरलं तिथल्या दगडाला त्यांनी पळसाच्या पानानं लोणी-हळद चोळली, खांदा चोळतात तशीच, सावकाश. मग खाली वाकले.

"आज आवतन घ्या, उद्या जेवायले या."

गावाला कोणी काही सांगितलं नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी तोरणाखालची पहिली, हिऱ्याची जागा सोडून बैल उभे राहिले. झडत्या संपेपर्यंत तिथे कोणी आपला बैल आणला नाही. मी घड्याळ पाहिलं. दहा मिनिटं झाली होती.