टाळ्यांचं वाक्य

मस्कतमधल्या बौद्ध मंडळींच्या आंबेडकर जयंतीला पाहुण्यांची ओळख वैशाली मेश्रामने करून द्यायची, हे कुणी ठरवलं नव्हतं. पण वर्षानुवर्षं तसंच चालत आलं होतं. दिवसा ती विमा कंपनीत क्लेमचे कागद तपासायची, आणि माणसांच्या बाबतीतही तिची नजर तशीच होती. कार्यक्रमाआधी ती पाहुण्याच्या घरी जायची, चहा घ्यायची, सगळं त्याच्याच तोंडून ऐकायची. मग घरी येऊन त्यातले थोर, महान, अष्टपैलू असले शब्द काढून टाकायची. माणूस उरला पाहिजे, म्हणायची, हार काय, नंतर घालतातच. मागच्या साली सलालाहच्या एका नर्सबाईंची ओळख तिने अशी करून दिली, की बाई व्यासपीठावर रडल्या आणि मग रडवल्याबद्दल तिच्यावरच रागावल्या.

यंदाचा पाहुणा रशियन होता, गेन्नादी स्तेपुनोव. उभा जन्म बँकेत काढलेला. युद्ध सुरू झाल्यावर युरोप-अमेरिकेने त्याच्यावर निर्बंध घातले, तिकडची खाती गोठली, लंडनच्या घराला कुलूप लागलं. मग तो मस्कतला आला आणि दगडखाणीच्या एका कंपनीत पैसा घालून बसला. मंडळाचे अध्यक्ष जनार्दन रामटेके त्याच कंपनीत वरच्या हुद्द्यावर होते, आणि हॉलचा, जेवणाचा खर्च यंदा कंपनीकडून येणार होता.

वैशालीच्या घरचाही धागा तिथेच अडकला होता. तिचा नवरा लोकेश खाणीतल्या यंत्रांचा इंजिनियर. त्याचं कंत्राट मे महिन्यात संपत होतं, आणि जनार्दनभाऊंनी त्याला आपल्या कंपनीत घ्यायचं जवळजवळ पक्कं केलं होतं. ते झालं नाही, तर वैशालीच्या एकटीच्या पगारात अल् घुब्र्याच्या फ्लॅटचं भाडं आणि लेकीच्या, प्रणालीच्या, शाळेची फी, दोन्ही निघणार नव्हतं. प्रणाली दहावीत गेली होती.

स्तेपुनोव सीबला समुद्रासमोरच्या बंगल्यात राहायचा. त्याचा सेक्रेटरी सुफियान, मूळचा श्रीवर्धनचा, त्याने कहवा आणि खजूर आणून ठेवले आणि मराठीत हळूच विचारलं, ताई, साखर चालेल ना. साहेब मनमोकळा निघाला. ट्रामवाल्याचा मुलगा, बचत बँकेत कारकून, तिथून वर. सोव्हिएत देश मोडला तेव्हा सरकारने कामगारांना कारखान्यांच्या मालकीचे कागद वाटले. उपाशी कामगारांनी ते पावाच्या भावात विकले आणि याने घेतले. त्यांना कागदाची किंमत कळत नव्हती, मला कळत होती, असं तो हसत म्हणाला. पुढे स्वतःची बँक. त्या बँकेने तोफगोळ्यांच्या कारखान्यांना कर्जं दिली. बँकेने कर्ज द्यावं, कारखाना काय बनवतो ते विचारू नये, हेही त्याचंच वाक्य. वैशालीने सगळं ऐकून घेतलं. तोवर तिला राग नव्हता. अशी माणसं जगात असतात, हे तिला ठाऊक होतं.

उठताना तो म्हणाला, "तुमच्या डॉक्टर आंबेडकरांबद्दल मी वाचलंय. माझ्या बाबतीत एवढंच सांगा, यांनाही जगाने अस्पृश्य केलं."

परतताना ती घुब्र्याचं वळण चुकली, पार पुढे जाऊन माघारी आली. तिच्या डोळ्यांसमोर आजोबा होते. भंडाऱ्याकडच्या त्यांच्या गावच्या सोसायटीत आजोबा कर्जाचा हप्ता भरायला जात, तेव्हा नाणी ओट्यावर ठेवून चार पावलं मागे सरावं लागे. कारकून त्यांवर पाणी शिंपडायचा, मगच उचलायचा. आजोबा हे हसत सांगायचे. त्या हसण्याचा राग तिला आज आला, इतक्या वर्षांनी.

साहेबाने ते वाक्य जनार्दनभाऊंनाही ऐकवलं होतं आणि त्यांना ते फारच आवडलं होतं. शेवटी ठेवा, हॉल उठेल टाळ्यांनी, असं त्यांनी फोनवर सांगितलं.

"भाऊ, ते वाक्य मी म्हणणार नाही."

"अहो वहिनी, एवढा मोठा माणूस स्वतःहून आपल्या पंगतीत बसतोय."

"बसू दे ना. पण माझ्या आजोबांच्या पानावर नको."

भाऊ म्हणाले, "लोकेशचा कागद सोमवारी सहीला जातोय. तत्त्वं आपल्याला परवडतात का, ते तुम्हीच बघा. एक वाक्य तर आहे."

लोकेश शर्टाला इस्त्री करत होता. त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, बाकीचं बोल, तेवढं गाळ. कुणाला कळणार आहे? प्रणालीकडे बघून वैशालीलाही ते पटलं. गाळायचं ठरलं.

पण शुक्रवारी हॉल भरला आणि प्रास्ताविकातच जनार्दनभाऊंनी जाहीर करून टाकलं, की आपल्या वैशालीताई ओळखीच्या शेवटी पाहुण्यांचं एक वाक्य सांगणार आहेत, टाळ्या त्यासाठी राखून ठेवा. आता गाळायला जागा उरली नव्हती. वैशालीने लोकेशकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

तिने ओळख करून दिली. ट्रामवाला बाप, बचत बँक, पावाच्या भावातले कागद, तोफगोळे, निर्बंध. सगळं पाहुण्याच्याच शब्दांत, एकही विशेषण न लावता. सुफियान साहेबाच्या कानाशी लागून भाषांतर करत होता आणि साहेब माना डोलावत होता.

"आता ते वाक्य," ती म्हणाली. "यांना वाटतं, जगाने यांना अस्पृश्य केलं. माझ्या आजोबांनी काय केलं होतं? काही नाही. जन्माला आले होते. यांनी काय काय केलं, ते तुम्ही आत्ताच ऐकलंत."

टाळ्या झाल्या नाहीत. सुफियानने भाषांतर थांबवलं होतं. काही न कळल्यामुळे पाहुणा रिवाजाप्रमाणे उठला आणि हसून हात पुढे केला. वैशालीने तो हात घट्ट धरला आणि सरळ त्याला कळेल अशा इंग्रजीत सांगितलं, "बघा, मी तुम्हाला शिवले. तुम्ही अस्पृश्य नाही. तुम्ही फक्त पकडले गेलात."

त्याचं हसू गेलं. त्याने हात सोडवून घेतला, खिशातून रुमाल काढला आणि सगळ्या हॉलदेखत तळहात पुसला. नीट, बोटांच्या मधूनसुद्धा.

पहिली खुर्ची सरकली ती मागच्या रांगेत. मग बायका उठल्या, पोरं उठली. कुणी घोषणा दिली नाही. जनार्दनभाऊ माइकवर जेवणाचं सांगत राहिले, पण कंपनीचं ते जेवण फार थोड्यांनी घेतलं.

गाडीत लोकेश घुब्र्याच्या वळणावर म्हणाला, "तू बोललीस तेव्हा मला तुझा राग आला होता. खोटं कशाला सांगू."

"मग?"

"मग त्याने हात पुसला."

सोमवारी सही झाली की नाही, ते कळलं नाही, कारण लोकेशनेच रविवारी जनार्दनभाऊंना फोन करून नको म्हणून सांगितलं. जूनमध्ये त्याला हजार किलोमीटरवरच्या सलालाहच्या बंदरात काम मिळालं. हुद्दा खालचा, पगार कमी. वैशालीने विम्याची नोकरी सोडली. प्रणाली नव्या शाळेत जायला तयार नव्हती. मैत्रिणी सुटल्या म्हणून आईशी आठवडाभर अबोला धरला, आणि सोडला तोही इंग्रजीत बोलून. वैशालीने तिला समजावलं नाही. राग खरा होता, आणि खऱ्या रागाला वैशाली मान द्यायची.