सुभेदारांनी निम्मं केलेलं पाणी

माझे धाकटे दीर लालासाहेब फौजेतनं सुभेदार होऊन आले, तेव्हापासून आमच्या घरात एक माप सरळ राहिलेलं नाही. ताप फॅरेनहाइटात, ऊन सेल्सियसात, आणि एकाचं दुसऱ्यात करून सांगितल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नाही. माझ्या लेकाला, यशराजला, ताप चढला तर आधी आकडा बदलून सांगितला, मग डॉक्टरकडं नेलं. कलिंगड आणलं तरी किलो सांगून वर रत्तल, म्हणजे विलायती पौंड, सांगणार. मी म्हणते, "भावजी, कापा आता. जिभेला रत्तल कळत न्हाई."

माणूस वाईट नाही. गल्लीतली गटार तुंबली तर कुणाची वाट न बघता खोरं घेऊन जातात. पण आपण चुकू शकतो, हे त्यांच्या मनाला कधी शिवलेलं नाही.

आमचं गाव कुंडलच्या पलीकडं. गावच्या दूध डेरीचे ते चेअरमन. गेल्या उन्हाळ्याआधी त्यांनी दूध गार करायची एक जुनी विलायती टाकी आणली. टाकी धड होती, गार करणारं मशीन तेवढं नवं बसवायचं होतं. ते किती ताकदीचं लागेल, हे दूध किती उष्णता धरतं त्यावर ठरतं. टाकीच्या पुस्तकात दुधाचा आकडा होता, शून्य पॉइंट त्र्याण्णव, पण रत्तल आणि फॅरेनहाइटातला. विलायती आकडा दिसला की सुभेदारांचा हात शिवशिवतो. तापाचा करतात तसा, फक्त बत्तीस वजा न करता, त्यांनी तो पाचानं गुणला, नवानं भागला. निम्म्याच्या जरा वर उरला. त्या हिशेबानं सांगलीहून निम्म्या ताकदीचं मशीन आलं.

एप्रिलात सकाळचं दूध दुपारपर्यंत कोमटच. टँकरवाल्यानं झाकण उघडून वास घेतला आणि सगळं परत केलं. गावानं पिळलेलं दूध ओढ्यात ओतताना मी बघितलंय. अजून आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

डेरीत टाकी सांभाळते बनुबाई. तोंडानं फटकळ, हातानं चोख. सुभेदारांनी सगळ्यांसमोर तिलाच धरलं.

"मशीन उशिरा चालू केलंस तू."

"दूध यायच्या आदीच बटण दाबलं हुतं."

"मग नासलं कसं?"

"ते मशीनला इचारा."

उलटं बोलते म्हणून डेरीची किल्ली काढून घेतली आणि तिला घरी घालवलं. मी त्यांना त्या दिवशी जेवायला वाढलं नाही. म्हटलं, भाकरी कुठल्या मापात पाहिजे ते ठरवा, मग मागा.

संध्याकाळी बनुबाई पाचसहा बायका घेऊन आमच्या अंगणात आली. "मशीन ल्हान हाय," म्हणाली. सुभेदार लालेलाल झाले.

"हिशेब करून आणलंय. तुमाला कळायचा न्हाई. बरं, सोप्पं करून सांगतो." खडू घेऊन फरशीवर बसले. "दूध ऱ्हाऊ द्या, पाणी घ्या. एक रत्तल पाणी त्यांच्या एका डिग्रीनं तापवायला जी उष्णता लागती, ती विलायतीत एक धरलीया. आपल्यात एक किलो पाणी, आपली एक डिग्री. हितंबी एकच. शाळंतलं पोरगंबी सांगंल. आता विलायतीचं आपलं कसं करायचं? एक घेतला, पाचानं गुणला, नवानं भागला..."

खडू थांबला. वर त्यांच्याच हातानं 'आपल्यात एक' लिहिलेला, आणि खाली त्याचंच उत्तर निम्म्याच्या जरा वर. पुसून पुन्हा केलं. तेच आलं.

बायकांतली तानुबाई म्हणाली, "सुभेदार, तुमच्या फौजंत पाणी निम्मंच हुतं का?"

कुणीतरी फिसकन हसलं. सुभेदार खाली बघून पुटपुटले, "नुसती डिग्री बदलली म्या. रत्तलाचा किलो करायचा ऱ्हायला. उष्णतेचं मापबी बदलतं. सगळं बदललं की आकडा हाय तोच ऱ्हातो. दुधाचाबी."

तिकडं दूध पाण्याशी तोललं, इकडंही पाण्याशीच तोललं. आकडा हलेल कशाला? सासरी गेली की पोरीचं आडनाव बदलतं, म्हणून पोरगी निम्मी होत नाही. एवढ्याशा गोष्टीपायी गावाचं दूध ओढ्याला आणि एका बाईची अब्रू चव्हाट्यावर.

त्यांनी किल्ली पुढं केली. "घे. सकाळी ये कामावर."

बनुबाईनं हात लावला नाही. "नाव डेरीत घालवलंसा माजं, सगळ्यांम्होरं. हितं अंगणात किल्ली देऊन कसं भागंल? उद्या गाव दूध घालाय आलं की तितंच सांगा. मशीन म्या ल्हान आणलं, बनुबाईनं येळंवर चालू केलं हुतं. मोठ्यानं सांगा."

"सुभेदाराला हुकूम सोडतीस?"

"व्हय."

त्यांनी किल्ली फरशीवर आपटली आणि आत निघून गेले. बायकाही उठल्या. किल्ली कुणी उचलली नाही, मीसुद्धा नाही.

सकाळी मी मुद्दाम स्वतः किटली घेऊन डेरीत गेले. सुभेदार आले, इस्त्रीचा शर्ट घालून. किल्ली त्यांच्या हातात होती. टाकीशेजारी उभे राहिले आणि बोलले, पण स्वतःच्या मिशांना सांगितल्यासारखं.

रांगेतनं बिरदेव म्हणाला, "हिकडं काय पोचलं न्हाई."

मग परेडवरच्या आवाजात बोलले. चूक कुणाची, मशीन कुणी आणलं, बनुबाईचा दोष कसा नाही, सगळं. रस्त्यावरची माणसं थांबली.

बनुबाईनं किल्ली घेतली. चेहरा होता तसाच, रागाचा.

"मोठं मशीन येस्तवर कॅनभवती बर्फाच्या लाद्या लावाय लागत्यात," ती म्हणाली. "त्या कोन आननार?"

"मी आणतो."

"रोज," बनुबाई म्हणाली, आणि पुढची किटली मापायला घेतली.