डावा कौल

आमच्या गावची माध्यमिक शाळा बंद झाली तेव्हा आठवी ते दहावी मिळून अकरा मुलं उरली होती. मी तिथे तासिकेवर मराठी शिकवत असे. घरात पदवी घेतलेली मी पहिली. बाबांनी आयुष्यभर भात आणि काजू केले, पण मला बी.एड. करताना एकदाही "पुरे झाला" म्हटलं नाही.

उरलेल्या मुलांना दुसऱ्या शाळांत घालायचं काम माझ्याकडे आलं. दोन मुलींना वसतिगृह हवं होतं. त्यांचे दाखले घेऊन मी मालवणच्या बाजूला, समुद्राकाठच्या एका मिशनच्या शाळेत गेले. मुख्याध्यापिका सिस्टर होत्या. त्यांनी दोघींचे अर्ज वाचले, शिक्का मारला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मुलींची सोय झाली. आणि तुमची?"

मला उत्तर सुचलं नाही. त्यांच्या मराठीच्या बाई निवृत्त होत होत्या. मी नोकरी मागायला गेले नव्हते, आणि संध्याकाळी गावी परतताना तळेऱ्याला एसटीतून उतरले तेव्हा मला नोकरी होती.

शेजारच्या काकीला कळायला एक दिवसही लागला नाही. कुंपणापलीकडून तिने विचारलं, "काय गो, आता टिकली ठेवतलंस की काढतलंस?"

आई हसली नाही. बाबा म्हणाले, "माझी हरकत नाय. पण देवाक इचारूक व्हया."

आमच्याकडे लग्न असो, विहीर असो, ग्रामदेवतेला कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणावर ओल्या कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवापुढे मागणं मांडतो. उजवीकडची कळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. दुपारी देवळात आम्ही तिघंच होतो, बाबा, गुरव आणि मी. गाऱ्हाणं संपायच्या आतच डावी कळी खाली आली.

गुरव बाबांचा लहानपणचा सोबती. तो हळूच म्हणाला, "आता मी काय करू, सांग."

"तू काय करू नको," बाबा म्हणाले. "गप ऱ्हव."

घरी पोचल्यावर आईने ओटीवरूनच विचारलं. बाबांनी चपला काढल्या, पायांवर पाणी घेतलं आणि म्हणाले, "उजवो दिल्यान." मी त्यांच्या मागेच उभी होते. मीही पायांवर पाणी घेतलं.

नोकरी चांगली होती, हे लिहिलंच पाहिजे. सिस्टरनी पहिल्याच दिवशी सांगितलं, प्रार्थनेला उभं राहा, म्हणायची सक्ती नाही. टिकलीबद्दल कोणी कधी विचारलं नाही. मी तिथेच खोली घेतली आणि शनिवारी घरी येऊ लागले. बाबा मात्र देवळात जाईनासे झाले. गुडघे दुखतात म्हणायचे. काजूच्या बागेत चढताना ते दुखत नसत.

दुसऱ्या वर्षी त्यांना भाकरी गिळता येईना. गोव्याच्या इस्पितळात नेलं. अन्ननलिकेचा कॅन्सर, आणि बराच पुढे गेलेला. डॉक्टरांनी तंबाखूचं विचारलं, बाबांनी मान डोलावली. बाहेरच्या बाकावर बसल्यावर मला म्हणाले, "तंबाकू पन्नास वर्सां खातंय. तेवा काय झाला नाय."

मी शिकलेली होते. तंबाखू काय करते ते मी वर्गात शिकवलेलं होतं. त्यांनाही मी ते सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पोर धडा म्हणून दाखवत असावं तसं.

एका शनिवारी मी म्हटलं, "बाबा, मी नोकरी सोडतंय. परत कौल लावया."

त्यांचा आवाज तोवर घोगरा झाला होता. "आता सोडलंस तर माझां खोटां बोलणां फुकट जायत," ते म्हणाले. "शाळेत जा तू."

सिस्टरनी सकाळच्या प्रार्थनेत मुलांना बाईंच्या वडिलांसाठी प्रार्थना करायला सांगितलं. सगळी शाळा डोळे मिटून उभी राहिली. मी ते बाबांना सांगितलं, त्यांना बरं वाटेल म्हणून.

"तेंच्या देवाक म्हायत नाय," ते म्हणाले, "मी काय केलंय ता."

ते भातकापणीच्या आधी गेले. शेवटपर्यंत देवळाचा अंगारा त्यांनी कपाळाला लावू दिला नाही. आईला वाटलं, दुखण्याने माणूस चिडचिडा झाला.

आईला अजून काही माहीत नाही. लेकीची नोकरी देवाने दिली, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. काकीलाही तिने त्यावरूनच गप्प केलं. दर वर्षी जत्रेला ती नारळ घेऊन मला देवळात नेते. तोच गुरव आमच्यासाठी गाऱ्हाणं घालतो, "बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाक तू उजवो कौल दिलंस, तसाच पुढे सांभाळ रे म्हाराजा." म्हणताना तो माझ्याकडे बघत नाही. मीही जमिनीकडे बघते.

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणतात.

यंदा आईने मला कोपराने ढोसलं. "मोठ्यान म्हण गो. तुझ्याचसाठी चल्लाहा ना ह्या!"

मी मोठ्याने म्हटलं.